पाण्याचा निचरा आणि औषधाची मात्रा

तिरुचिरापल्लीहून तंजावरास जाणाऱ्या प्रवाशाने वाट थोडी वाकडी करून कल्लणै अवश्य पाहावे. करिकाल चोळ राजाने हा बांध घातला असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात कावेरीवर काम करणाऱ्या इंग्रज इंजिनियरांनीही त्याच्या पायापासून धडे घेतले. येथे नदीचे पाणी चार वाटांनी जाते. कावेरी आणि वेण्णार या दोन शाखा आणि १९३४ मध्ये सुरू झालेला मोठा कालवा हे तिघे शेतीला पाणी पुरवितात. चौथी वाट कोळ्ळिडम नदीची. पुराचे जादा पाणी तिच्यातून समुद्राकडे लावून दिले जाते. ही चौथी वाट नसती तर उरलेल्या तिघांचे वरदान शापच ठरले असते.

या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याच्या बोलण्यात दोन शब्द जोडीने येतात. पाणी आणणारा पाट तो ‘वाय्क्काल’ आणि पाणी वाहून नेणारा चर तो ‘वडिकाल’. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून. त्या सुमारास सर्वांचे लक्ष वाय्क्कालकडे असते. पण ऑक्टोबरानंतर ईशान्य मोसमी पाऊस कोसळू लागला की मग वडिकालची आठवण होते. चर गाळाने भरला असेल, तर शेजारच्या शेतात जे पाणी दोन दिवसांत उतरते तेच आपल्या शेतात आठ दिवस तुंबून राहते आणि सांब्याचे कोवळे भात कुजते. पाऊस दोन्ही शेतांत सारखाच पडलेला असतो. फरक असतो तो निचऱ्यात.

वाचकहो, आपल्या घरात कोणास दीर्घकाळचा मूत्रपिंडविकार असेल, तर हे तुंबलेले शेत आपण ध्यानात ठेवावे. त्याच्या औषधांविषयी जे सांगावयाचे आहे, त्याचा अर्धा भाग यातच आला.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. रक्तातील टाकाऊ द्रव्यांबरोबर पुष्कळशी औषधेही याच वाटेने शरीराबाहेर जातात. डॉक्टर जेव्हा ‘सकाळी एक, रात्री एक’ असे लिहितात, तेव्हा रात्रीची गोळी पोटात जाईपर्यंत सकाळच्या गोळीचा ठराविक भाग निघून गेलेला असेल, हा हिशोब त्यात गृहीत असतो. गाळण्या निकामी झाल्या की हा हिशोब चुकतो. सकाळची गोळी अद्याप शरीरातच असते, तिच्यावर रात्रीची येऊन पडते आणि आठवड्याभरात औषधाचे विष होऊ शकते. दुकान तेच, गोळी तीच, मात्राही चिठ्ठीत लिहिलेलीच.

ही गोष्ट वेळीच ध्यानात का येत नाही? कारण मूत्रपिंड फार सोशिक असते. रक्तातील क्रिएटिनिन हा त्याच्या कामाचा नेहमीचा निर्देशक. परंतु कार्यशक्ती निम्म्याच्या आसपास येईपर्यंत हा आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. त्यातून कृश, वयस्क, अंगात मांस कमी असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, म्हणून त्याचा अहवाल वरवर निर्दोष वाटतो. याकरिता आता केवळ क्रिएटिनिनवर न थांबता वय आणि लिंग विचारात घेऊन ‘गाळणक्षमतेचा’ अंदाज काढतात. प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘ईजीएफआर’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सतत जात राहिले, तर मूत्रपिंडविकार जडला असे समजतात. आकडा १५ च्या खाली गेला की तो शेवटचा टप्पा. आपल्या घरातील रुग्णाचा हा आकडा आपणास पाठ असावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुलाच्या परीक्षेतले गुण आपण विसरत नाही. मग वडिलांचा हा आकडा का विसरावा?

आता तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु, कोणत्याही तालुक्यातील एका घराची कल्पना करा. घरातील वडीलधारे गृहस्थ बासष्ट वर्षांचे, पंधरा वर्षांचे मधुमेही, रक्तदाबही आहे. घरच्या बाई भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून उभ्या राहतात. त्यांची कंबर आणि गुडघे धरलेले. संध्याकाळी कोणीतरी नाक्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणतो. बाईंना एक, आणि पाय दुखत आहेत म्हणून गृहस्थांना एक. हे घर मी कल्पिले आहे खरे. पण आपल्या विदर्भात, मराठवाड्यात किंवा कोकणात ते आपणास ओळखीचे वाटले नाही तरच नवल.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, असेक्लोफेनॅक ही या वर्गातील परिचित नावे. या गोळ्या दुखणे कमी करतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये अडवून. पण याच द्रव्यांच्या आधारे मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी उघडी राहत असते. निरोगी तरुणाचे एखाद्या गोळीने सहसा बिघडत नाही. परंतु ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, जो उन्हात घाम गाळून कोरडा पडला आहे, अथवा ज्यास रक्तदाबाची आणि लघवी वाढविणारी औषधे चालू आहेत, त्याच्या बाबतीत हा आधार काढून घेणे म्हणजे आधीच अरुंद झालेल्या पाटाच्या तोंडाशी दगड टाकणे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, तर चार-पाच दिवसांतच मूत्रपिंड अकस्मात बंद पडू शकते.

जाता जाता गिधाडांची गोष्ट सांगतो. भारतातील गिधाडे १९९० नंतर झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तेव्हा कारण कोणास उमगेना. २००४ मध्ये त्याचा उलगडा झाला. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधाचा वापर बंद केला. पक्ष्याचे शरीर वेगळे आणि माणसाचे वेगळे, हे मान्य. तथापि हे औषध निरुपद्रवी नव्हे एवढे तरी आपणास त्यावरून कळावे.

मग दुखणाऱ्या माणसाने काय करावे? शेक, विश्रांती, डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेले पॅरासिटामॉल, हे पहिले उपाय. हृदयरोगासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी मात्र निराळी बाब आहे; ती आपल्या मनाने बंद करू नये. आणखी एक सावधगिरी भातशेतीच्या प्रदेशात विशेष आवश्यक आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर येतो. त्यात अंग, विशेषतः पोटऱ्या, भयंकर दुखतात, आणि हा रोग स्वतःच मूत्रपिंडावर आघात करतो. अशा तापात अंगदुखीची गोळी घेऊन शेतावर जाणारा मनुष्य एकाच अवयवावर दुहेरी घाव घालून घेत असतो. शेतात काम करणाऱ्याचा ताप दुकानात नव्हे, दवाखान्यात दाखवावा.

ज्या गृहस्थांची आपण कल्पना केली, त्यांच्याकडे पुन्हा वळू. काही महिन्यांनी त्यांच्या ध्यानात येते की रक्तातील साखर आपोआप उतरू लागली आहे. पूर्वी दोनशेच्या वर असणारा आकडा आता शंभरावर येतो. घरात आनंद होतो. पथ्याला यश आले, असे बाईंना वाटते. कोणी दिलेल्या काढ्याचा हा गुण, असे शेजारी म्हणतात. वास्तविक ही वार्ता चिंतेची असू शकते. शरीरातील इन्शुलिनचा बराचसा भाग मूत्रपिंडे नष्ट करीत असतात; ती थकली की इन्शुलिन अधिक काळ टिकते आणि साखर खाली येते. इन्शुलिनची सुई टोचून घेणाऱ्यांच्या बाबतीत, तसेच ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे. जुनी मात्रा तशीच चालू राहते आणि एखाद्या पहाटे गृहस्थ घामाने निथळलेले, असंबद्ध बोलणारे किंवा बेशुद्ध आढळतात. मधुमेह बरा झाला असे वाटू लागले, तर आनंद करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. आणि अशा प्रसंगी रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर किंवा ग्लुकोज द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही न ओतता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मेटफॉर्मिन या सर्वपरिचित गोळीचेही असेच. गाळणक्षमता ४५ च्या खाली गेली की डॉक्टर तिची मात्रा कमी करतात, ३० च्या खाली गेली की ती थांबवितात. पायांची आग होते म्हणून मधुमेह्यांना गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिले जाते. ही औषधे जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. आजोबा दिवसभर पेंगू लागले, चालताना झोक जाऊ लागला, नावे विसरू लागले की घरचे म्हणतात, वय झाले. कित्येकदा वय नव्हे, मात्रा झालेली असते! जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी जंतुनाशक इंजेक्शने, नागिणीवरील असायक्लोव्हिर, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, यांचाही हिशोब बदलावा लागतो. पित्तासाठी वा शौचास साफ होण्यासाठी घेतलेल्या साध्या औषधांतील मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमसुद्धा अंगात साठू शकते.

एवढे वाचून सर्वच औषधांची धास्ती घेऊ नका. कारण याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे, किंबहुना सुशिक्षित घरांत ती अधिक आढळते. ‘गोळ्यांनी किडनी खराब होते’ असे कोणाकडून तरी ऐकून रुग्ण रक्तदाबाची गोळीच सोडून देतो. वस्तुतः मूत्रपिंडाचा नाश करणाऱ्या कारणांत मधुमेह आणि अनियंत्रित रक्तदाब ही दोन अग्रभागी आहेत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या रक्तदाब तर उतरवितातच, शिवाय गाळणीतील दाब कमी करून लघवीतून जाणारे प्रथिन रोखतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडेसे वाढू शकते. ही वाढ तीस टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर सामान्यतः गोळी चालूच ठेवतात. त्यासाठीच दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासण्यास सांगतात. ती तपासणी न चुकता करावी. गर्भवती स्त्रियांना मात्र या गोळ्या वर्ज्य आहेत. मूळ मधुमेहासाठी निघालेल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, असे २०१९ पासून पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले. मधुमेह नसलेल्या अनेक मूत्रपिंडरुग्णांनाही त्यांचा लाभ होतो.

मात्र हीच उपकारक औषधे जुलाब-वांत्या होत असताना, काही खाता-पिता येत नसताना अपकार करू शकतात. अशा दिवसांत रक्तदाबाच्या वरील गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवाव्यात आणि पुन्हा केव्हा सुरू कराव्यात, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता जुलाब सुरू झाल्यावर विचारावयास कोण मिळणार?

तंजावरचे नाव मराठी मनाला निराळ्याच कारणाने जवळचे आहे. येथील बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. तो कोरविणारे दुसरे सरफोजीराजे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२, यांना वैद्यकाचे विलक्षण वेड होते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींची औषधे तयार होत, त्यांचा अनुभव घेतला जाई आणि गुण आलेल्या योगांची नोंद राही. त्यांतील अनेक योग तमिळ पद्यांत बांधले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्याहून मला महत्त्वाची वाटतात ती याच ग्रंथालयातील नेत्ररुग्णांची हस्तलिखित टिपणे. कोणाचा डोळा कसा होता, कोणता उपचार केला, पुढे काय झाले, हे चित्रांसह लिहून ठेवले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाने रुग्णाचा कागद जपला. आपण मात्र गेल्या महिन्याची चिठ्ठी कोठे ठेवली ते शोधत बसतो.

या परंपरेचा उल्लेख करून एक अप्रिय गोष्टही सांगणे प्राप्त आहे. वनस्पती असो वा भस्म, जे अंगात जाते ते मूत्रपिंडासमोर उभे राहतेच. पारा असलेल्या काही देशी औषधांमुळे लघवीतून प्रथिन जाण्याचा एक विशिष्ट विकार होतो, असे चेन्नईतील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. औषध बंद केल्यावर पुष्कळ रुग्ण सुधारले, हे त्यातील समाधान. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काळात वजन उतरविण्याच्या वनौषधी गोळ्या घेणाऱ्या कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. दोष अरिस्टोलोकिया जातीच्या वनस्पतीचा होता. या जातीची एक वेल तामिळनाडूत ‘आडुतीण्डाप्पाळै’ म्हणून ओळखली जाते. शेळीही जिला तोंड लावीत नाही ती, असा त्याचा अर्थ. शेळीचे शहाणपण आपणही घ्यावे. ज्या चूर्णाच्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, ते मूत्रपिंडाच्या रुग्णास देऊ नये. आणि जे चालू आहे ते डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने लपविलेला काढा रुग्णाच्याच मुळावर येतो.

औषध न समजल्या जाणाऱ्या वस्तूंचेही पाहा. त्रिभुज प्रदेशात पाहुण्यापुढे शहाळे ठेवतात. त्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. निरोगी माणसास ते अमृत. पण ज्याचे पोटॅशियम आधीच चढलेले आहे, त्याच्या हृदयाची गती त्यामुळे बिघडू शकते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाबासाठी हितकर म्हणून सुनेने प्रेमाने आणलेले ते मीठ सासऱ्यास अपाय करू शकते. लघवीची जळजळ थांबविण्यासाठी दुकानदार देतात त्या काही पातळ औषधांतही पोटॅशियम सायट्रेट असते. स्टार फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाने कधीच खाऊ नये.

हे सारे सांभाळावयास मोठे शहर आणि मोठा पैसा लागतो, असा समज असेल तर चेन्नईचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या किडनी हेल्प ट्रस्टचे काम लक्षात घ्यावे. या संस्थेने चेन्नईजवळच्या खेड्यांत स्थानिक मुलींना रक्तदाब मोजण्याचे आणि लघवीतील प्रथिन व साखर साध्या रसायनांनी ओळखण्याचे शिक्षण दिले, त्या घरोघर गेल्या आणि ज्यांना गरज होती त्यांना जुनी, अत्यंत स्वस्त औषधे नियमाने दिली. मूत्रपिंड बिघडण्यापूर्वीच दिलेली चार आण्यांची गोळी काय करू शकते, हे त्यांनी दाखविले. तामिळनाडू शासनाने २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ अर्थात ‘लोकांच्या दारी वैद्यक’ ही योजना सुरू केली, तीत रक्तदाब-मधुमेहाची औषधे आणि पोटातून डायलिसिस करणाऱ्यांना लागणाऱ्या द्रवाच्या पिशव्या घरपोच देण्याची व्यवस्था केली. औषध दारी आले, तरी ते घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाचा आकडा कोणास ठाऊक आहे का, हा प्रश्न उरतोच. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, दातांचे वेगळे. प्रत्येकाच्या चिठ्ठीत आपले आपले औषध. त्या साऱ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा मनुष्य घरातीलच असावा लागतो.

त्यासाठी एक साधी वही पुरे. पहिल्या पानावर गाळणक्षमतेचा ताजा आकडा आणि तारीख, क्रिएटिनिन, पोटॅशियम. पुढील पानावर चालू औषधांची नावे, मात्रा, वेळ, कोणी दिले आणि कशासाठी. काढा, चूर्ण, दुकानातून आणलेली गोळीही त्यात. बंद केलेले औषध खोडून टाकू नये. केव्हा आणि का बंद झाले ते समोर लिहावे. कोणत्याही डॉक्टरांकडे, दातांच्या सुद्धा, गेल्यावर तोंड उघडण्यापूर्वी ही वही पुढे करावी. शिरेतून रंगद्रव्य टोचून काढावयाचे चित्र कोणी सांगितले, तर तेथेही पहिले पान दाखवावे.

ज्यांचे डायलिसिस सुरू झाले आहे त्यांची वही थोडी निराळी. काही औषधे डायलिसिसमध्ये धुऊन निघतात, म्हणून ती नंतर घ्यावयाची असतात. रक्तदाबाची सकाळची गोळी त्या दिवशी घ्यावी की नाही, हे केंद्रातील डॉक्टर प्रत्येक रुग्णापुरते ठरवितात. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात. रिकाम्या पोटी घेतल्यास त्यांचा उपयोग नाही, कारण त्यांचे काम अन्नातील फॉस्फरस अडविण्याचे आहे. अशक्तपणासाठी टोचण्यात येणारे एरिथ्रोपोएटिन शरीरात लोह पुरेसे नसेल तर वाया जाते, तेव्हा आधी लोहाची तपासणी मागावी. आणि ज्यांना नवे मूत्रपिंड बसविले आहे, त्यांनी टॅक्रोलिमससारख्या औषधांची वेळ घड्याळ पाहून पाळावी. बुरशीवरील किंवा क्षयावरील कोणतेही नवे औषध सुरू होण्यापूर्वी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांस कळवावे, कारण पहिल्याने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण बरेच वाढू शकते आणि दुसऱ्यातील रिफाम्पिसिनने ते एकदम घसरते. गोळी घेतल्यावर लगेच वांती झाली, तर ती पुन्हा घ्यावयाची का, हा प्रश्नही पुढच्या भेटीत विचारून वहीत लिहून ठेवावा.